उलटा अर्थ

माझा हात लवकर सुटायचा. हे मी फुशारकीने सांगत नाही, पण लाजून पुटपुटतही नाही. होतं ते होतं. घरी बाप मारायचा, शाळेत मास्तर मारायचे आणि घर ते शाळा या वाटेवर जो सापडेल त्याला मी मारायचो. गावाबाहेरच्या आमच्या पुऱ्यातून त्या साली मॅट्रिक पास झालेला मी एकटाच. वाटलं, आता मार संपला. कसला संपतो! वाशीमला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो, तर तिथले उस्ताद बापाच्या वरताण निघाले.

उस्ताद मुसलमान, पन्नाशीचे, अंगाने काटक. हातात असेल त्याने मारायचे. पक्कड असली तर पक्कड, वायर असली तर वायर. मारून झालं की समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवायचे आणि एक माझ्यापुढे सरकवायचे. पण कामात तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "पयले मीटर, मंग हात," हा त्यांचा एकच धडा. कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी मीटर लाव, वीज कुठून कुठे जाते ते बघ, मग पेचकस उचल. पाच वर्षांत हा धडा मला झोपेतही म्हणता आला असता. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की माझ्याएवढं कोणाला काही कळत नाही.

दुष्काळ सरला, पुढच्या हंगामात कापूस चांगला आला आणि कापसातली सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या एका मालकाच्या डोक्यात आवाजाचं खूळ शिरलं. त्याच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती, काळीभोर, आणि तिच्यात कंपनीनेच बसवून दिलेला रेडिओ. रेडिओ अस्सल होता, पण त्याचा स्पीकर तळहाताएवढा, डॅशबोर्डाच्या जाळीमागे. गाडी सुरू झाली की इंजिनापुढे त्याचं काही चालायचं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या कोण्या व्यापाऱ्याने जीपला भोंगा लावला होता, हे मालकाच्या फार जिव्हारी लागलं होतं. तो दुकानात येऊन उस्तादांना म्हणाला, "गाडी दिसाच्या आधी आयकू आली पाह्यजे. अन् नुसती किनकिन नाई, छातीत ढम्म झालं पाह्यजे."

उस्तादांनी काम माझ्याकडे दिलं. ॲम्प्लिफायर आमच्याच दुकानात बांधायचा, तो डॅशबोर्डाखाली बसवायचा, आणि बारा इंची स्पीकर सागवानी पेटीत घालून मागे डिकीत ठेवायचा. रेडिओ तोच राहणार, फक्त त्याचा आवाज ॲम्प्लिफायरमधून मोठा होऊन मागच्या पेटीत जाणार. पाच वर्षांत माझं हे पहिलं एकट्याचं काम होतं. पेटी मी स्वतः रंधली, आतून कापूस चिकटवला, म्हणजे आवाज घुमतो पण फाटत नाही.

जिनाच्या आवारात गेलो त्या दिवशी मालकाने पहिला प्रश्न विचारला तो कामाचा नव्हता. "कोन्या पुऱ्यातला तू?" मी सांगितलं. आमच्या घरी तेव्हा भिंतीवर बुद्धाचा फोटो येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण पुऱ्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस तोंडाचा आकार बदलायचा तो बदलायचाच. मालकाने बदलला. मग म्हणाला, "म्हंजे तुहा बाप आमच्याच जिनात सरकीचे पोते उचलत होता." होता. चहा आला तो कान तुटलेल्या दोन कपांतून. एक मला, एक ड्रायव्हरला.

ड्रायव्हरला सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. साठीला टेकलेला माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. तरुणपणी लष्कराच्या लॉऱ्या चालवलेल्या. ते गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी इंजिन चालू केलं, मला बॉनेटपाशी उभं केलं आणि म्हणाले, "आयक, तिसरं सिलिंडर खोकून राह्यलं." मला ढिम्म काही ऐकू आलं नाही. त्यांनी प्लग काढून दाखवला, काजळीने भरलेला. मालक हाताखालच्या माणसांना हाड्‌हुड करणारा. तीन जवान ड्रायव्हर पळून गेले होते किंवा हाकलले गेले होते. चाचा टिकले ते या कानांवर. घरात बायको, लग्नाला आलेली मुलगी, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. ते स्वतःच हसत सांगायचे, "कान अन् स्टेरिंग. तिसरं काईच नाई आपल्यापाशी."

तीन दिवस आम्ही बरोबर होतो. मी गाडीखाली, सीटखाली, तारा ओढत. चाचा मडगार्डवर बसून. रेडिओ तपासायला चालू ठेवलेला असायचा. बोली त्यांना आमच्याइतकीच यायची, पण मराठी गाण्यातले पुस्तकी शब्द त्यांना अडायचे. मग विचारायचे, "भाऊ, याचा मतलब काय?" आणि मी, मॅट्रिक पास, पक्कड हातात धरून, पालथा पडल्या पडल्या गाण्याचा अर्थ समजावून सांगायचो. मला फार बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काही विचारत होतं आणि मान डोलावत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाच्या ओसरीवर चार-सहा पाहुणे बसले होते. काम संपत आलं होतं; शेवटच्या दोन तारा जोडायच्या राहिल्या होत्या. मी चाचांना एका गाण्याचं काहीतरी सांगत होतो आणि ते मालकाने ऐकलं. त्याने मला हाक मारून ओसरीखाली उभं केलं. पाहुण्यांना म्हणाला, "पाहा, काय जमाना आला! याच्या बापानं आमच्या पोत्याखाली कंबर मोडून घेतली, अन् हे पोट्टं आता आमाले गान्याचा अर्थ सांगून राह्यलं. सांग रे, सांग. आमालेबी सांग अर्थ." सगळे हसले. एक जण तर तांब्या खाली ठेवून हसला. मी उभा होतो. त्यांनी मला जा म्हणेपर्यंत उभा होतो, हे मला आज जास्त टोचतं.

गाडीपाशी परत आलो. काळी तार उचलली. दुकानात येणाऱ्या गाड्यांमध्ये बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या लोखंडाला, म्हणजे बॉडीला जोडलेली असायची. त्यामुळे काळी तार बॉडीला आणि लाल तार चालू लाइनला, हे हाताला इतकं पाठ होतं की डोळ्यांची गरज पडत नसे. मी बॉडीचा बोल्ट सैल करायला लागलो. तेवढ्यात चाचा दारातून आत वाकले आणि घाईने म्हणाले, "भाऊ, थांब. उल्टा हाये. या गाडीचा अर्थ उल्टा हाये."

मी फक्त 'अर्थ' ऐकलं.

हात उठला कधी ते कळलं नाही, बसला तेव्हा कळलं. उघडा पंजा, खांद्यातून आलेला, चाचांच्या डाव्या कानावर. धोब्याने ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज झाला. त्यांची टोपी उडाली, डोकं दाराच्या कडेवर आदळलं आणि ते एका गुडघ्यावर खाली बसले. "तूबी?" मी ओरडलो. "तूबी माही मजाक करतं काय बे म्हाताऱ्या?" ते कानावर हात दाबून माझ्याकडे बघत राहिले. बोटांच्या फटीतून रक्ताचा एक बारीक ओघळ मनगटापर्यंत आला.

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. मारायचं होतं ओसरीवर, तिथे हात पोहोचत नव्हता, म्हणून जो जवळ होता, जो उलटून मारणार नव्हता, त्याला मारलं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी थांबलो नाही. मीटर हत्यारांच्या पिशवीतच राहिलं. फ्यूजही मी टाकला नव्हता. त्याच्या जागी तांब्याची तार पिळून ठेवली होती, उद्या टाकू म्हणून. काळी तार बॉडीला आवळली, लाल तार लाइनला, आणि बटण दाबलं.

आधी एक फटाका वाजला. ॲम्प्लिफायरमधलं काहीतरी फुटून डब्याच्या झाकणावर आदळलं. मग डॅशबोर्डाखालची तार लाल होताना मी पाहिली, तिच्यावरचं रबर मेणासारखं गळालं आणि सीटच्या कापडाने पेट घेतला. मी पाठमोरा बाहेर पडलो, हो, बाहेर पडलो, पळालोच. चाचा उठले. एक हात कानावर होता तो काढला, बॉनेट वर केलं आणि बॅटरीची तापलेली तार दोन्ही हातांनी धरून हिसडून काढली. कातडं जळाल्याचा वास मला चार पावलांवर आला. मग त्यांनी आपला सदरा काढून सीटवरची आग दाबून दाबून विझवली. गाडी वाचली. मी तोवर पक्कड हातात धरून उभा होतो.

मालक धावत आला. येताना त्याने जिनाच्या यंत्राच्या पट्ट्याचा एक तुकडा उचलला होता, हातभर लांब, रबराचा. "कोनं केलं?" त्याने विचारलं. मी गप्प. तो चाचांच्या डाव्या बाजूला उभा होता. पुन्हा ओरडला, "तुले इचारून राह्यलो, कोनं केलं?" चाचांनी वळून पाहिलं नाही. ते आपले जळालेले तळहात बघत होते. जिनाच्या यंत्रांच्या घरघरीत त्या बाजूचं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मालकाला वाटलं, म्हातारा मिजास दाखवतो.

पहिला पट्टा उघड्या पाठीवर बसला. चाचा दचकले, कुठून आला हे बघायला चुकीच्या बाजूला वळले, आणि दुसरा तोंडावर बसला. तिसरा, चौथा. पाठीवर पट्ट्याच्या रुंदीएवढे वळ उठत होते आणि पाचव्या-सहाव्याला कातडी फाटली. जिनातली माणसं दारात येऊन थांबली, कोणी पुढे आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूलाच उभा! माझा एक शब्द पुरला असता. 'मी केलं,' एवढाच. चाचांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं. आणि मी तोंड उघडलं ते काय म्हणायला? "मालक, तारच खराब होती. जुनी होती कंपनीची."

मालकाने पट्टा फेकला, माझ्या पायाशी थुंकला आणि म्हणाला, "पंधरा दिवसांत नीट करून दे, नाई तं तुलेबी दाखवतो." एवढ्यावर मी सुटलो. सुटलो याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

दुकानात येऊन उस्तादांना मी सगळं सांगितलं, कारण जळालेला ॲम्प्लिफायर लपवता येण्यासारखा नव्हता. ते ऐकत होते. चाचांना मारल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "काहून मारलं?"

"माही मजाक केली त्यानं. म्हने अर्थ उल्टा हाये."

"अबे मॅट्रिक," उस्ताद हळूच म्हणाले, "तीन दिवस तो तुले मतलब इचारून राह्यला न? एकदा तरी अर्थ म्हनला? आमच्यात अर्थ कोन म्हन्ते बे? मी म्हनलो का कदी? आमी मतलबच म्हन्तो. अर्थ म्हन्तात ते गॅरेजवाले, अर्थिंगले. बॅटरीचा जो वायर बॉडीले जाते, त्याले. त्या जुन्या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीले हाये. उल्टा अर्थ. तो तुले वाचवून राह्यला होता."

मी अर्थ म्हणजे अर्थच समजलो होतो, पुस्तकातला, जो मला कळतो आणि इतरांना कळत नाही असं मला वाटायचं तो. त्या माणसाच्या तोंडात तो शब्द कधी येत नव्हता, आणि तीन दिवस त्याचं बोलणं ऐकूनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्याला शिकवत होतो ना! शिकवणारा कशाला ऐकतो?

उस्तादांनी खुंटीवरची दुहेरी वायर काढली आणि मला मारायला सुरुवात केली. मांड्यांवर, पाठीवर, दंडावर. मी हात आडवा केला नाही. उलट पाठ पुढे केली. खाई त्याला खवखवे. मला वाटत होतं की अजून मारावं, चाचांच्या पाठीवर जेवढे वळ उठले तेवढे तरी उठावेत, म्हणजे फिटलं. उस्तादांना ते कळलं असावं. मध्येच त्यांनी वायर टाकून दिली. "मार खाऊन सुटाचं हाये तुले? नाई. इतक्या सस्त्यात नाई सोडत मी तुले."

दोन आठवड्यांनी नवा ॲम्प्लिफायर घेऊन जिनात गेलो. आता पहिले मीटर, मग हात. ॲम्प्लिफायर लाकडी फळीवर चार रबरी बुचांवर बसवला, गाडीच्या लोखंडाला कुठेही शिवणार नाही असा. रेडिओच्या आणि त्याच्या मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला. लाल तार बॉडीला गेली. हाताला ते इतकं चुकीचं वाटत होतं की दोनदा काढून पुन्हा लावली. फ्यूजही टाकला.

चाचा मडगार्डवर बसले होते. तळहातांना फडकी, डाव्या कानात कापूस. मी डावीकडून "चाचा" म्हटलं, त्यांनी पाहिलं नाही. पुढे जाऊन समोर उभा राहिलो तेव्हा दिसलो. मी म्हणालो, "चाचा, मी आजच मालकाले सांगतो. सगळं सांगतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. जळालेल्या हाताने धरलं, आणि दुखत असूनही सोडलं नाही. "खबरदार. मालकाले कळलं का कान गेला, तं स्टेरिंग गेलं. कान तू घेतला, आता माही रोटी घेऊ नको." मग म्हणाले, "बोलाचं होतं तवा तू बोलला नाई. आता चूप राहाचं हाये, तं चूप राह्य."

मी गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाचा आता इंजिन तपासताना बॉनेटवर हात ठेवून बघायचे, थरथर कशी आहे ते. मालक मागच्या सीटवर डावीकडे बसायचा, त्यामुळे त्याचे हुकूम डाव्या कानाकडे यायचे. म्हणून चाचांनी वरचा आरसा थोडा वळवून घेतला होता, मालकाचे ओठ दिसतील असा. पेटी मात्र झकास वाजली. पहिल्यांदा आवाज सोडला तेव्हा गाडीच्या काचा थरथरल्या आणि जिनाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मालकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मला आवडली ती थाप. खोटं कशाला सांगू?

पोहरादेवीच्या यात्रेला मालकाला त्या गाडीतून वाजत जायचं होतं. रस्त्यात काही बिघडलं तर असावा म्हणून मला पुढच्या सीटवर बसवलं. सकाळची वेळ, आवाज पूर्ण मोठा. रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती आणि मालक मागे खुशीत मांडीवर ठेका धरत होता. मानोऱ्याच्या बरंच अलीकडे एक बाजाराचा गाव लागतो. त्या दिवशी बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बैलगाड्या सोडलेल्या. समोरून एक ट्रक येत होता आणि चाचांची नजर उजवीकडे त्याच्यावर होती. मी खाली वाकून आवाजाचं बटण फिरवत होतो, कारण पेटी कुठेतरी किरकिरत होती.

मागून मालक ओरडला, "थांब! थांब, बैल!" मी ऐकलं. मान वर केली तेव्हा डावीकडून, दोन छकड्यांच्या मधून, एक सुटलेला बैल रस्त्यावर आला होता. मालक पुन्हा ओरडला. चाचांनी ऐकलं नाही. बंपर बैलाच्या मागच्या पायावर बसला आणि हाड तुटल्याचं मला सीटमधून जाणवलं. बैल आडवा पडला, उठायला गेला, पुन्हा पडला. त्याचा हंबरडा मला दिसत होता, ऐकू येत नव्हता, एवढा आमचा आवाज मोठा होता.

माणसं कुठून आली कळलं नाही. दार उघडून त्यांनी चाचांना दाढीला धरून बाहेर ओढलं. बैलवाल्याच्या हातात तुतारी होती, बैल हाकायची, टोकाला खिळा असलेली. बाकीच्यांकडे काठ्या, दगड, वहाणा. मालक आपल्या बाजूने उतरला, हात वर करून म्हणाला, "मी तं थांब थांब म्हनून राह्यलो होतो! यानं आयकलंच नाई!" आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. झालं, गर्दीला तेवढंच पाहिजे होतं. कोणीतरी चाचांच्या पोटात लाथ घातली, ते वाकले तेव्हा दुसऱ्याने मानेवर काठी मारली. खाली पडल्यावर तर कोण मारतो, किती मारतो याला धरबंदच राहिला नाही. तुतारीचा खिळा एकदा त्यांच्या दंडात शिरून बाहेर आलेला मी पाहिला.

मी गर्दीत घुसलो. "त्याले आयकू येत नाई!" मी ओरडत होतो. "अरे, बहिरा हाये तो!" माझ्याच पेटीचा ढम्म ढम्म माझ्या आवाजावर बसत होता. शेजारचा माणूसही माझ्याकडे बघेना. एकाने कोपराने माझं नाक फोडलं. मी दोघांना मारलं, हात सुटलाच होता, पण त्याने काय होतं? मग परत गाडीकडे धावलो, डॅशबोर्डाखाली हात घातला आणि ॲम्प्लिफायर फळीसकट उपटून रस्त्यावर आपटला.

एकदम सगळं शांत झालं. बैलाचा हंबरडा तेवढा राहिला. माणसं वळून बघायला लागली.

"तो बहिरा हाये," मी म्हणालो. "म्या केला बहिरा. म्या मारलं त्याच्या कानावर. गाडीबी म्याच जाळली होती, त्यानं नाई. माराचं तं मले मारा."

काहींनी मारलंही, पण जोर ओसरला होता. बहिऱ्या म्हाताऱ्याला कोण मारणार? बैलवाला तुतारी टाकून बैलापाशी जाऊन बसला. आणि मालक पुढे आला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. चाचांच्या समोर उभा राहून, उजव्या बाजूने, मोठ्याने म्हणाला, "बहिरा? बहिरा होऊन माही गाडी चालवत होता तू?" वाकून गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली. "चाल, निंघ."

चाचा दाराला धरून उठले. ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता, बाहीवरून रक्त टपकत होतं. मालकाच्या खिशाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग लंगडत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कायले सांगितलं रे?" ते म्हणाले.

त्यांचा हात वर गेलेला दिसला तेव्हा मी डोळे मिटले, मान वळवली आणि कान पुढे केला. तिथेच बसायला हवा होता. पण त्यांनी दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली, माझं तोंड सरळ केलं, आणि कान सोडून गालावर मारलं.